खिशातला रुमाल

जर्मनीत डार्मश्टाटला पीएचडी करत असताना मी नमुने घ्यायला गावाबाहेरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जायचो. पहिल्याच दिवशी फाटकावर एक आडदांड गृहस्थ उभे होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, सगळी हयात त्या केंद्राच्याच नोकरीत गेलेली, आणि मिशीतल्या मिशीत हसायची सवय. त्यांनी हात पुढे केला. मी तो हलवला आणि मग अगदी सभ्यपणे माझा हात खिशात घालून रुमालाला पुसला. कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

दुपारी जेवायच्या आधी ते बेसिनशी गेले. नखांना ब्रश लावून, कोपरापर्यंत साबण फासून, ऑपरेशनला निघाल्यासारखे हात धुतले. मी नळाखाली बोटं ओली करून आलो.

"आल्झो, तर मग," ते ब्रेड कापत म्हणाले, "नवा माणूस आला की मी मुद्दाम हात मिळवतो. कोण कसा पुसतो ते बघायला. पँटला पुसणारे पुष्कळ. खिशातल्या खिशात पुसणारा तूच पहिला."

माझे कान तापले. "आमच्याकडे लांबून नमस्कार करतात," मी पुटपुटलो. आमच्या गल्लीतलं गटार उपसणाऱ्याला मी कधी लांबूनही नमस्कार केला नव्हता, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. तेवढंच बरं.

दुसऱ्या दिवशी रुमाल घरी ठेवून मी मोठ्या ऐटीत हात पुढे केला. त्यांनी तो नीट न्याहाळला आणि बेसिनकडे बोट दाखवलं.

"ट्रामची दांडी धरून आलास ना? आधी धू."