रोटोटुनाचं संस्थान खालसा

शेजारचे आजोबा लॉर्ड झाल्याची बातमी मला कुंपणावरून कळली. २०१४चा जानेवारी, ऐन उन्हाळा. इथल्या किवी रिवाजाप्रमाणे रोटोटुनात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. ऐंशीच्या माणसाला तसं बोलवायला माझी जीभ वळेना, म्हणून मी आपली आजोबाच म्हणायची. जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, घालून ते टोमॅटोंना पाणी देत होते. मला बघताच त्यांनी माओरी नमस्कार ठोकला.

"किया ओरा! इंग्लंडहून वकिलाचं पत्र आलंय. चुलतभाऊ गेला. आता बॅरन मी!"

मी हसून हसून बेजार. त्यांच्या कुण्या पूर्वजाने सैन्याला डबाबंद मटण पुरवलं, राजा खूश झाला आणि त्याला बॅरन, म्हणजे लॉर्ड, करून मोकळा झाला. मग किताब बापाकडून मुलाकडे जात राहिला. वाडे गेले, जमिनी गेल्या, एकेक शाखा संपली आणि उरलेला नुसता 'लॉर्ड' हा शब्द आमच्या निवृत्त प्लंबरच्या गळ्यात पडला.

मी साताऱ्याची. गादी म्हटलं की माझ्या अंगातच येतं. "पुढचा वारस कोण?" मी विचारलं.

"मुलगा आहे की."

मुलगा पन्नाशीचा. पेनरोजच्या डेपोतून ट्रक चालवायचा, रविवारी बापाकडे यायचा. सहा महिन्यांचा असताना दत्तक घेतलेला. आमच्याकडे दत्तक म्हणजे पुरता मुलगा, त्यात पुन्हा विचारायचं काय? रविवारी मी दूध पावडरचे पेढे केले, गल्लीभर वाटले आणि युवराजांना चमकत्या पट्ट्यांच्या हाय-व्हिज जॅकेटसकट खुर्चीत बसवून कुंकू, शाल, श्रीफळ दिलं.

"आई, स्टॉप! सो एम्बॅरसिंग!" माझी लेक पडद्याआडून ओरडली. युवराज मात्र शाल सावरत सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते.

पंधरा दिवसांनी वकिलाचं दुसरं पत्र आलं. किताब फक्त रक्ताच्या मुलाला. दत्तक चालत नाही. आजोबांनंतर किताब संपला. मराठीत नारळ देणं म्हणजे कामावरून काढणं, आणि तो मी स्वतःच्या हाताने देऊन बसले होते! मी कपाळावर हात मारला, मग मला हसूच फुटलं. 'दत्तक वारस नामंजूर' म्हणत याच इंग्रजांनी आमचा सातारा खालसा केला होता. आता स्वतःचंच संस्थान खालसा करत होते. आजोबांना हे सांगितलं तर तेही खो खो हसले.

हसता हसता ते पत्रासोबत आलेल्या फॉर्मवरच्या एका ओळीशी थांबले. किताब नावावर हवा तर तिथे 'वारस नाही' असं लिहून सही करायची होती.

"हे मी लिहू? माझ्या हाताने?"

"लिही रे, डॅड," शेजारी बसलेला मुलगा म्हणाला. "मला काय करायचंय लॉर्ड होऊन? ट्रकमध्ये मुकुट मावत नाही."

आजोबांनी फॉर्मची घडी घातली. मला मात्र वकिलाचा इतका राग आला, की समोर असता तर मी त्याला सातारी हिसका दाखवला असता.

पुढच्या रविवारी मुलगा कुंपणाशी आला. आजोबांनी फॉर्म कोराच परत पाठवला होता, सोबत एक चिठ्ठी जोडून. तिची झेरॉक्स त्याच्या हातात होती. त्याने मोठ्याने वाचली, "मला एक मुलगा आहे. तो चालत नसेल, तर तुमचा किताब मलाही नको."

मी टाळ्या पिटल्या, शिट्टीसुद्धा मारली. तो हसला नाही. त्याने पहिलं वाक्य पुन्हा वाचलं, आणि मग पुन्हा.