अक्कांच्या दमलेल्या पापण्या

"म्या जागी हाय गं!" हनुवटी आभाळाकडं करून, अर्धमिटल्या डोळ्यांनी अक्का म्हणायच्या. मी मार्गासनीत नुकती नांदायला आलेली, सातवी पास. मला वाटायचं, ही बाई आपल्याला तुच्छ लेखते. गावात तोरा मिरवायचा हक्क फक्त माझा होता ना!

शेजारच्या या अक्का सकाळी टकाटका बघत भात लावायच्या. दिवस कलला की पापण्या खाली. मग एका बोटानं पापणी उचलायची, दुसऱ्या हातानं रोप खोचायचं. त्यांची सासू म्हणायची, "सकाळी धडधाकट, सांजंला सोंग!" मी निदान केलं, काजळ जड झालंय. त्यांचं काजळ बंद केलं. हसा, तुम्हीही हसा.

एका संध्याकाळी अक्कांच्या नाकातून चहा आला. आम्ही बायका खो-खो हसलो. त्याही हसल्या, पण गेंगाण्या आवाजात, आणि ठसका लागला तो थांबेचना. माझं हसू जागीच विरलं.

"सांजंचा घास उतरत न्हाई गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "कुनाला सांगू नगंस."

भोरला डॉक्टरांकडं नेलं. सकाळच्या एसटीनं! डोळे टपोरे, आवाज खणखणीत. डॉक्टरांनी परत पाठवलं. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. दुखणं घरी ठेवून आम्ही दवाखान्यात जात होतो.

पुढच्या खेपेला त्यांना बाकावर बसवून मी म्हटलं, "अक्का, आढ्याकडं बघा. मान खाली न्हाई करायची."

"तितं काय हाय?"

"कबुतर."

"दिसत न्हाई की!"

"दिसंस्तवर बघा. अन् ओव्या म्हणा."

लोक आम्हाला वेड्यात काढत होते. ओव्या गेंगाण्या झाल्या, पापण्या उतरल्या, तशी मी अक्कांना आत ढकललं.

डॉक्टर चमकले. "साप चावला होता का? मण्यार चावली तरी पापण्या अशा पडतात. वयानंही पडतात. पण या दमून पडतात, विसावल्या की उघडतात. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही."

पुण्याला पाठवलं. तिथं सुई दिली आणि थोड्या वेळानं पापण्या वर गेल्या. अक्कांनी मला नीट निरखलं. "शिकल्याली, तुजं नाक लई मोटं हाय की गं!"

गोळ्या लागू पडल्या. पुढच्या लावणीला अक्का दिवस मावळेपर्यंत वाकून होत्या. मग हिवाळ्यात साधं पडसं छातीत उतरलं. दुपारीच पापण्या मिटल्या, मान पडली. घरची माणसं गाडी शोधायला धावली. मी गोळी चुरून चमच्यात कालवली.

"गिळा, अक्का, गिळा."

त्यांनी तोंड उघडलं. पांढरं पाणी ओठांच्या कडेनं माझ्या हातावर ओघळत राहिलं.