छातीवरचे सहा ठिपके

हार्ट अटॅक आलेल्या माणसाचा ईसीजी मी रोज सकाळी काढायचो. कालच्या पट्टीशेजारी आजची ठेवून डॉक्टर पुढचं सांगायचे: हृदय किती वाचलं, काम कितपत झेपेल. त्यासाठी छातीवर चिकटणारे, तारा जोडलेले रबरी फुगे रोज त्याच जागी लागायला हवेत. म्हणून पहिल्या दिवशी बरगड्या मोजून मी बॉलपेनने सहा ठिपके काढत असे. या शिस्तीचा मला फार ताठा होता.

हडपसरचे एक शेतकरी वॉर्डात होते. चौथ्या दिवशी पाहतो तो छाती लख्ख. अंग पुसताना त्यांच्या बायकोने ठिपके घासून काढले होते.

"आजारी मान्सावर असलं गोंदन बरं दिसतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

मी वैतागलो. बाहेर रांग होती. बरगड्या न मोजता अंदाजाने फुगे लावले, पट्टी कार्डावर चिकटवली आणि मोकळा झालो. पट्टीतल्या उभ्या रेघा पार बसल्या होत्या. डॉक्टरांनी खाटेशेजारीच शेतकऱ्याच्या एकुलत्या एक मुलीला सांगितलं, हृदयाची पुढची भिंत बरीच गेली, आता शेतकाम बंद. ती शिक्षिका व्हायला शिकत होती.

"मग माझं कॉलेज सुटलं," एवढंच ती म्हणाली.

दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. परत गेलो, बरगड्या मोजल्या, नवी पट्टी काढली. रेघा कालच्याइतक्याच उंच होत्या. सकाळी मी फुगे एक बरगडी वर लावले होते.

डॉक्टरांनी दोन्ही कार्डं पाहिली. "सकाळी कुणाची छाती होती?"

"यांचीच. हात माझा चुकला."

"मग आपणच सांगून या. वाईट सांगायचं काम मी केलंय."

मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर कॉलेज सोडायचा अर्ज लिहीत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी सगळं सांगितलं. जपून का होईना, वडील शेतात जाऊ शकतील, असंही म्हणालो. ती रडेल, नाहीतर भांडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "फायलीत कुठला कागद राहणार?"

"दोन्ही."

"मग सकाळच्यावर लिहा. आत्ता, माझ्यासमोर. उद्या दुसरे डॉक्टर आले तर त्यांना कसं कळायचं?"

मी लिहिलं, 'फुगे चुकीच्या जागी लावले,' आणि सही केली. तिने ते दोनदा वाचलं.

"आता आबांनाही तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "सकाळपासून ते कुणाशी बोललेले नाहीत."