शेवंतीनं ओढून काढलं

पाणी कमरेला लागलं होतं आणि माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतले होते. एक उपसायला जावं तर दुसरा आणखी खाली जाई. समोरच्या बांधावरून एक बाई ओरडत होती, "आडवी हो! अगो, पाण्यात आडवी हो!" मला वाटलं, हिला वेड लागलंय. बुडणाऱ्या माणसाला कुणी झोपायला सांगतं का? मीही ओरडले, "मस्करी करून राह्यली का बाई? मी मरून राह्यले हितं!"

ती बाई म्हणजे शेवंती. गेल्या महिन्यात ती वारली. माझा मुलगा तिकडे कोकणात प्राथमिक शाळेवर मास्तर आहे. त्यानं फोन केला, "आई, शेवंतीमावशी गेल्या." मी ज्वारी निवडत होते. सूप खाली ठेवलं. रडले नाही. पण ती कोण होती ते लिहून ठेवावं असं वाटलं. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरे आहे.

गाळात रुतले तेव्हा माझी साठी उलटली होती. मुलाला न कळवता त्याच्याकडे जायला मी आमच्या गावाहून, हसनाबादहून निघाले, दोन एसट्या बदलून कोकणातल्या एका गावात सकाळी उतरले. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती. चहावाला म्हणाला, "आजी, दोन डोंगर आहेत मध्ये, थांबा." मी म्हणाले, "आमच्याकडं केदारखेड्याच्या बाजाराला पायी जाऊन येणारी बाई मी, तुमचे डोंगर काय करतेत?" आणि एकटीच निघाले. पहिला डोंगर चढतानाच कळलं काय करतात ते. आमच्याकडे नजर टाकली की पुढचं गाव दिसतं, इथं वळणामागे वळण. वर काळा कातळ, तव्यासारखा तापलेला. मग काजूच्या बागा, मग पुन्हा उतरण. माणूस भेटेना. भाकरी आणि ठेचा होता, तो एका झऱ्यावर खाल्ला. खरं सांगते, त्या दिवसाइतकी मोकळी मी जन्मात कधी चालले नाही. कुणाच्या मागे नाही, डोक्यावर ओझं नाही.

ऊन कलल्यावर दुसऱ्या डोंगरावरून पलीकडे शाळेची कौलं दिसली. मध्ये खाडी. पूल लांब होता आणि खाडीत पाणी नव्हतं, नुसता गाळ चकाकत होता. मी नदी ओलांडायची आमची रीत पाळली. वरच्या अंगाला पाहिलं, आभाळ कोरडं, पूर येत नाही. घातला पाय. अर्ध्यात गेले आणि पाणी आलं ते खालून, समुद्राकडून! नदी उलटी वाहते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तर शेवंती तिथं तिसऱ्या काढायला आली होती. तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले. टोपली टाकून ती पोटावर सरपटत माझ्याकडे आली, पण हात पुरेना. म्हणाली, "लुगडं सोड नि पदर टाक इकडं."

"लुगडं कसं सोडू? उघड्यावर?"

"मेलीस तर लोक सोडतीलच की!"

नऊवारी सोडलं, पदर तिच्याकडे फेकला, आडवी झाले तसे पाय गाळातून सुटले आणि तिनं मला ओढलं. पाणी नाकातोंडात जात होतं. एकदा ती दिसेनाशीच झाली, पण लुगडं ताणलेलंच होतं. बांधावर आलो तेव्हा तिनं आधी माझ्या थोबाडीत मारली, मग बांधावर ठेवलेलं स्वतःचं कोरडं पातळ माझ्या अंगावर टाकलं. तिची टोपली वाहून गेली होती.

तिच्या चुलीपाशी बसवून तिनं मला पेज दिली. गाव विचारलं, माणसं विचारली. आमच्याकडे जे सगळ्यात आधी विचारतात, ते तिनं विचारलं नाही. मीच सांगितलं, आम्ही बौद्ध. ती म्हणाली, "बरं. पेज निवते आहे."

पुढे दरवर्षी मी जायची, पुलावरून. एकदा ती हसनाबादला आली. आमची उन्हाळ्यातली नदी बघून म्हणाली, "हिच्यात बुडायचं तर आधी पाणी आणायला हवं गो!" मुलगा मला तिच्याकडून न्यायला आला की त्यालाही टोमणा, "मास्तर, आईला भरती-ओहोटी शिकवा, पोरांना मागनं शिकवा."

एकदा तिसऱ्या निवडताना मी तिला म्हणाले, "तुला पोहता येतं म्हणून बरं झालं त्या दिवशी."

"मला कुठं पोहता येतं?"

मी विचारलं, "मंग आलीस कशाला?"

"मग काय, तू मरतेस ते बघत उभी राहू?" ... आणि पुन्हा शिंपले निवडायला लागली.

त्या संध्याकाळी खाडीत दोन बाया होत्या, दोघींनाही पोहता येत नव्हतं, आणि दोघी जिवंत बाहेर आल्या. शेवंतीला त्यानंतर नऊ वर्षं मिळाली. मी अजून आहे.