अथेन्सचं घुबड आणि दंतमंजन

जुनं नाणं काठाला धरायचं. अंगठा आणि पहिलं बोट, बस्स. नाण्याच्या तोंडावर बोट टेकवायचं नाही, घामाचा डाग राहतो. एवढी साधी गोष्ट मी ऐंशीच्या दशकात अंधेरीपासून मुलुंडपर्यंत किती हौशी संग्राहकांना सांगितली असेल, देव जाणे. सगळे माना डोलवायचे आणि पुढच्या क्षणी नाणं तळहातावर घेऊन खुळखुळवायचे. मला त्यांचा अजून राग येतो. पण त्यांच्यापेक्षा जास्त राग माझा मलाच येतो, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर मायक्रोमीटर लावून सुटे भाग मोजायचे, चालेल ते एका पेटीत, चालणार नाही ते दुसऱ्या. नजर तयार झाली ती तिथे. ग्रीक नाण्यांचा नाद लावला तो तिथल्याच एका रिटायर झालेल्या ड्राफ्ट्समननं. त्यानं मला भिंग दिलं आणि बघायला शिकवलं. ठसा मधोमध बसलाय का, चेहऱ्याचं नाक आणि गाल किती झिजलेत, काठावर ओतकामाची रेघ तर नाही ना, कारण खरं नाणं घण मारून ठोकलेलं असतं. आणि सगळ्यात शेवटी रंग. शेकडो वर्षांत चांदीवर एक काळसर झाक चढते. ती घासून काढली की नाण्याचा दर्जा घसरतो आणि किंमत अर्ध्यावर येते. मग ती झाक कुणीही परत चढवू शकत नाही.

अंधेरीतला एक दातांचा डॉक्टर ही नाणी जमवायचा. परदेशातल्या भावाकडून मागवायचा. त्यानं अकरा नाणी माझ्याकडे दर्जा आणि किंमत ठरवायला दिली. दिवाळीनंतर त्याच्या घरी उपनगरातले सगळे संग्राहक जमणार होते. माझी पारख त्यांना पटली, तर सगळ्यांचे संग्रह माझ्याकडे येणार होते. म्हणजे मायक्रोमीटर खाली ठेवता आला असता. दहा वर्षं मी दुसरं काही मागितलं नव्हतं.

अकरातलं एक नाणं अथेन्सचं होतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला मोठ्या डोळ्यांचं घुबड. काळसर झाक अशी एकसारखी, की मी भिंग ठेवून नुसताच बघत बसलो. खाकी पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं, 'एक्स्ट्रा फाइन', म्हणजे जवळजवळ न झिजलेलं. त्या काळात मी हे शब्द सहसा लिहीत नसे.

घाटकोपरच्या चाळीत आमची एकच खोली. वडील गिरणी बंद पडल्यावर गावी गेले ते तिकडेच राहिले, इथे मी आणि आई. आईनं घुबड बघून आधी तोंड वाकडं केलं होतं. असलं अभद्र पाखरू घरात नको म्हणाली. मग शेजारच्या काकूंनी तिला सांगितलं, की घुबड हे लक्ष्मीचं वाहन. झालं. आईनं घुबडाला लांबूनच हात जोडले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

धनत्रयोदशीला आमच्याकडे घरातलं सगळं सोनं-चांदी आणि चार का होईनात पण नाणी पाटावर मांडून पूजतात. पूजेआधी घासून लख्ख करतात. मी पहिल्या पाळीहून घरी आलो तर पाटावर अकराची अकरा ग्रीक नाणी, हळदकुंकू वाहिलेली. नव्या वाट्यांसारखी चकाकत होती. बाजूला दातांच्या पांढऱ्या पावडरीचा डबा आणि जुना ब्रश. मधोमध घुबड, कपाळावर कुंकू.

माझी जीभ सुटली.

"काय केलंस हे? अगं काय केलंस! वाट लावलीस माझी!"

"अरे, देवाफुडे काळी चांदी कशी ठेवूची?"

"अडाणी ती अडाणीच राहिलीस! दोन बोटांनी काठाला धरायचं असतं नाणं, काठाला! आणि तू घासतेस? भांडी आहेत ही?"

"माका काय म्हायत रे," एवढंच ती म्हणाली. तिच्या बोटांना अजून पावडर होती. शेजारपाजारच्यांनी दारातून डोकावून बघितलं आणि मी तरीही थांबलो नाही. 'अडाणी' हा शब्द मी आणखी तीनदा वापरला. त्या दिवाळीत तिनं फराळाचं केलं, पण माझ्या टेबलाकडे ती फिरकली नाही. केर काढतानासुद्धा टेबलाच्या पायापाशी येऊन केरसुणी मागे वळायची.

भिंगाखाली घुबडाच्या छातीवर बारीक ओरखडे दिसत होते. पिसं दिसायची तिथे आता चकाकी होती. मी पाकीट बदललं, दर्जा एक पायरी खाली आणला. 'साफ केलेलं. व्हेरी फाइन. किंमत निम्मी.' बाकी दहांची पाकिटंही तशीच बदलली. भरपाई कशी करणार हे ठाऊक नव्हतं, पण खोटं लिहायचं नाही हे ठरवून मी साकीनाक्यावरून अंधेरीची बस धरली.

डॉक्टरनं पहिलं पाकीट उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत ओरडला, "झकास! अरे यार, काय चमकतंय! अगं, बघ इकडे!" बायकोला बोलावलं. घुबडाच्या तोंडावर अंगठा दाबून तिला दाखवलं. दिवसभर लोकांचे दात पांढरे करणारा माणूस, त्याला चकचकीत तेवढंच निरोगी वाटायचं.

"डॉक्टर, नाणी खराब झालीत," मी म्हणालो. "माझ्या घरात चुकून घासली गेली. ओरखडे बघा भिंगातून. किंमत अर्धी झालीये."

त्यानं भिंग घेतलंच नाही. "तुम्ही उगाच लाजताय हो. काय लावलंत ते सांगा ना! आता हे पाकिटावरचं जरा नीट लिहा. पाहुणे येणारेत."

मी त्याला आणखी एकदा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याच्याच टेबलावर बसून अकरा नवी पाकिटं लिहिली आणि घुबडाला परत 'एक्स्ट्रा फाइन' दिलं. जमलेल्या संग्राहकांनी नाणी तळहातावर खुळखुळवली आणि माझी पारख त्यांना फार पटली. महिन्याभरात बोरिवलीहून, मुलुंडहून डबे आले. सगळ्यांचा निरोप एकच, आधी त्या घुबडासारखं चमकवा, मग दर्जा लिहा.

मी ब्रश हातात घेऊन बसलो. पहिलंच नाणं सुरेख काळं होतं. माझा हात चालेना. मला वाटतं माझ्यात जे काही थोडं चांगलं होतं ते त्या हातात होतं, आणि मी त्याचं ऐकलं नाही. मी आईला हाक मारली.

ती टेबलापाशी आली, महिन्याभरात पहिल्यांदा. डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यांका काय होवचा नाय मां?"

"नाही," मी म्हणालो. "तू घास."

तिनं पावडरीचा डबा उघडला. पदराला हात पुसले, कोरडे केले. मग नाणं उचललं. अंगठा आणि पहिलं बोट, काठाला. तोंडाला बोट लागू न देता, जपून जपून ती ब्रश फिरवायला लागली. एवढ्या लोकांना शिकवलं, त्यात शिकली ती एकटी. पहिलं नाणं लख्ख करून तिनं माझ्यापुढे ठेवलं, बरोबर झालं का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी बरोबर आहे म्हणालो आणि पाकिटावर दर्जा लिहिला.