पहिला वाटा होडीचा

मनस्वी कोळी गप्प बसलेली मी आयुष्यात एकाच दिवशी पाहिली. ऐरोलीच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारीशेजारी. कॅन्टीनला तिच्याबरोबर जेवायचं म्हणजे डब्यासोबत झॉम्बी आलेच. "रंजिता, समज, लिफ्टमधून मुडदे बाहेर आले आणि तुझ्या हातात फक्त चमचा. काय करशील?" मी म्हणायचे, "आधी भात संपवेन."

एकदा तिनं परदेशी खेळाचा एक खोका मागवला, म्हणे नवशिक्यांसाठी. फासे, नकाशा, कार्डं, आणि वाचता वाचता म्हातारपण येईल एवढं नियमांचं पुस्तक. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन मुडद्यांपासून जीव वाचवायचा, एवढंच आम्हाला कळलं. खेळ काही सुरू झाला नाही. मनस्वी अशी भडकली की स्वतःच खोका बनवायला बसली. उघडला की खेळ सुरू, शिकवायला कुणी नको! सगळ्या सुट्ट्या त्यात घातल्या.

नकाशा तिच्या दिवाळे गावाचाच. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलातून मुडदे वर येतात. जेटीवर एकच होडी, टाकीत डिझेल दोघांपुरतं आणि माणसं तीन. एकाला मागं ठेवायचंच. "खरी भीती तिथं आहे गं!" असं सांगताना तिचे डोळे नुसते चमकायचे.

वाशीत खेळांचं दुकान चालवणारा रूपेश तो खोका ठेवायला तयार झाला, पण अट घालून. असले खेळ कधीच न खेळलेल्या माणसांनी तो उघडून शेवटापर्यंत खेळायचा आणि मनस्वीनं तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. जमलं नाही तर खोका घेऊन घरी.

रविवारी रूपेश दिवाळ्याला तिच्या घरी येऊन बसला आणि यायचं कबूल केलेले ऑफिसातले तिघं ऐनवेळी फिरकलेच नाहीत. मनस्वी रडायच्या बेतात. मी म्हटलं, घरात माणसं काय कमी आहेत? तिचे बाबा रोहिदासकाका, आई पुतळाबाई आणि शेजारची काशी, तिघांना धरून चटईवर बसवलं. पुतळाबाई आणि काशीचं बाजारातल्या जागेवरून रोज वाजतं, हे मला कुठं ठाऊक! गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली.

पुस्तिका उघडली. 'पहिलं पान मोठ्यानं वाचा.' वाचलं. 'फासा टाका.' टाकला. मनस्वी कोपऱ्यात ओढणीचं टोक दातांत धरून. पहिला मुडदा वर आला तशी काशी किंचाळली आणि माझ्या अंगातच आलं. मी हात काय नाचवतेय, आवाज काय काढतेय! काय मजा आली म्हणून सांगू!

नकाशावरच्या घराघरांतून डिझेलच्या सोंगट्या मिळत होत्या. ते डिझेल पेटवून मुडदे पळवायचे. ज्याची सोंगटी त्यानं लपवावी, एकमेकांवर संशय घ्यावा, असा मनस्वीचा डाव. पण रोहिदासकाकांनी सगळ्या सोंगट्या मध्ये ओढल्या आणि पहिली उचलून होडीच्या चित्रावर ठेवली.

"पयला वाटा होरीचा," ते म्हणाले.

मासळीचे पैसे आले की आधी होडीचा वाटा, मग माणसांचा, ही त्यांची रीत. पुढं प्रत्येक वेळी त्यांनी तेच केलं. कोपऱ्यात मनस्वीची घालमेल चाललेली.

शेवटी तिघं जेटीवर पोचले. मागं मुडदे, टाकीत डिझेल दोघांपुरतं.

"मनाच मागं ठेवशील तू, मना म्हाईत हाय," काशी पुतळाबाईंना म्हणाली. तिचा आवाज खरंच कापत होता.

पुतळाबाईंनी तिचा हात धरला. "तू बस होरीत. मी रवतं मागं."

"कोनी नाय रवाचा," काकांनी होडीवरच्या सोंगट्यांकडे बोट केलं. "होरीचा वाटा हाय ना!"

आता आली का पंचाईत! हे डिझेल टाकीत चालतं की नाही, पुस्तिकेत कुठंच नाही. मी मनस्वीकडे पाहिलं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. रूपेश पुढं सरकला. मी शेवटचं पान उलटलं. तिथं तिनं लिहिलं होतं : 'इथं नसलेलं काही घडलं तर कुणाला विचारू नका. गोष्ट तुमची आहे, तुम्हीच ठरवा.'

"ओता टाकीत!" मी ओरडले. "मशीन सुरू झालं! तिघंही बसा!"

काशीनं पुतळाबाईंना मिठीच मारली. रूपेश उभा राहून टाळ्या वाजवत होता. "खोका ठेवतो दुकानात," तो म्हणाला. "मॅडम, बोला आता."

मनस्वीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, पण एकानं मागं राहायला हवं होतं! माझा नियम..."

कुणाचं लक्षच नव्हतं. काशीनं माझ्या हातातली पुस्तिका ओढून पहिलं पान उघडलं होतं आणि काका फासा खुळखुळवत होते.

"गप बस गो मनू," पुतळाबाई म्हणाल्या. "मुडदं आलं."