माईकवरचे मामा

आयुष्यात एकही बॉल पॉकेटमध्ये न घालता स्नूकर लीगचा अध्यक्ष झालेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. मामांनी क्यू एकदाच हातात घेतला. पांढरा बॉल जागच्या जागी राहिला आणि क्यूच्या मागच्या टोकाने वरची ट्यूबलाइट गेली. "काठी लांब हाय जरा," एवढं बोलून मामा कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या खुर्चीवरून त्यांनी पुढे कित्येक वर्षं आमच्यावर राज्य केलं.

मामा एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. उभी नोकरी गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. त्यामुळे नांदेडात पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये आम्ही लीग काढली, तेव्हा माईक आपोआप मामांकडे गेला आणि माईकच्या मागोमाग अध्यक्षपद. एरवी मामा चारचौघांसारखे बोलत, पण माईक तोंडाशी आला की आवाज सरकारी व्हायचा. "कृपया इकडे लक्ष द्या. मुदखेडचा संघ आज अर्धा तास उशिराने धावत आहे." टेबलाच्या सहाही पॉकेटांना त्यांनी थांब्यांची नावं दिली होती, त्यामुळे आमच्याकडे निळा बॉल विष्णुपुरीला जायचा आणि गुलाबी कंधारला उतरायचा. आमच्या गावाचं पॉकेट का नाही, असं लातूरकरांनी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "लातूर लांब पल्ल्याची गाडी हाय. इथं न्हाई थांबत."

यात थोडी जळजळ होतीच. लीगची ढाल दर वर्षी लातूरला जायची. तिथले अप्पा डाळीचे व्यापारी, आणि डाळीतला खडा टिपावा तसा ते बॉल टिपायचे. मामांना ढाल एकदा तरी नांदेडात राहिलेली बघायची होती. त्यात ते मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला निघाले होते, म्हणजे गेल्या वर्षीची फायनल ही शेवटची संधी. आमची सगळी भिस्त टेलर मास्टरांवर. मामांच्या हट्टाखातर मास्टरांनी संघाला खाकी जाकिटं शिवली होती, त्यात आम्ही सगळे सुट्टीवरचे कंडक्टर दिसायचो. मास्टरांचा खेळ नजर लागावी असा, पण गळ्यातली मोजपट्टी ते खेळतानाही काढायचे नाहीत. "काढली की हात हलतो माझा," म्हणायचे.

फायनलला मामांनी खालची गिरणी बंद ठेवायला लावली, म्हणजे टेबल थरथरायला नको. शेवटच्या डावात टेबलावर फक्त काळा बॉल आणि पांढरा बॉल उरले. काळा जो पॉकेटमध्ये घालेल तो जिंकणार, ज्याच्याकडून चूक होईल तो हरणार. पाळी मास्टरांची. काळा कंधारच्या तोंडाशी, माझ्या सासूबाईंनीही घातला असता. मास्टर वाकले, नेम धरला, आणि काळा अलगद आत गेला. हॉल डोक्यावर घेतला आम्ही. मला तर मामांना उचलून घ्यायचं होतं.

तेवढ्यात माईक खरखरला. "कृपया इकडे लक्ष द्या. नांदेडच्या खेळाडूच्या मोजपट्टीचा स्पर्श नेम धरतेवेळी पांढऱ्या बॉलला झालेला आहे. नियमाने ही चूक आहे, सबब डाव लातूरचा."

कोणीच पाहिलं नव्हतं. अप्पासुद्धा म्हणाले, "आम्हाला तर काई दिसलं न्हाई बा. ऱ्हाऊ द्या." मामांनी घोषणा पुन्हा एकदा केली, तशीच्या तशी. ढाल लातूरच्या जीपमध्ये गेली. आमची पोरं मामांशी बोलेनात. मीही बोललो नाही, त्याची आजही लाज वाटते.

पुण्याला जायच्या दिवशी मास्टर मामांचा शिवलेला सदरा घेऊन घरी आले. मी तिथेच बॅगा बांधत होतो. सदरा मामांच्या हातात देत मास्टर म्हणाले, "मामा, पट्टी लागलेली मला बी कळली होती. सांगणारच होतो, कसम से. पण तुमच्याकडं बघितलं अन् तोंडच उघडंना."

मामा सदऱ्याची घडी उलगडत राहिले.

"मी बी तुझ्याकडं बघितलं असतं तर माझं कुठं उघडलं असतं?" ते म्हणाले. "म्हणून तर भिंतीकडं बघून बोललो."